सातपर्यंत

प्रशिक्षणात सांगितलं होतं,
चहाच्या आधी, घाईघाईत:
प्रश्न विचारला की मनात सात आकडे मोजा.
तोवर तोंड बंद.
मी वहीत उतरवून घेतलं, खाली रेघ मारली,
जशी अठरा वर्षं सगळ्याच गोष्टींखाली मारत आले.

लहवितची शाळा. पाचवीचा वर्ग.
फळ्यावर लिहिलं: एक तृतीयांश, एक चतुर्थांश.
मोठा कोण?
‘चतुर्थांश!’ अर्धा वर्ग एका दमात.
चार मोठे ना तीनपेक्षा.
चूक म्हटलं नाही. बरोबर म्हटलं नाही.
‘का?’ एवढंच विचारलं, आणि खडू खाली ठेवला.

एक.
दोन.
दोनलाच जीभ टाळूला लागून आली.
इतकी वर्षं इथेच तर घुसत होते मी.
पोराच्या ओठावर अर्धं उत्तर टेकलेलं असायचं
आणि उरलेलं अर्धं सांगून मी मोकळी.
वर पुन्हा शाब्बास.
ते कुणाला म्हणायचे, देव जाणे.

तीन. पंख्याची करकर.
चार. बाकाखाली कुणाची तरी चप्पल निसटली.
पाच. हर्षाली चारोस्करचे डोळे आढ्याला,
तिथे पालीशिवाय काही नव्हतं.
खिडकीबाहेर, लांब बहुल्याच्या उतारावर
धुळीचा गोळा उठला.
रोशन गांगुर्डे बोटं मोडत पुटपुटू लागला.
काय रे?
‘थांबा ना बाई. आवाज यायचाय अजून.
वाटेत आहे.’

मग आला. काचा थरथरल्या.
देवळालीच्या तोफांना इथे कुणी दचकत नाही,
तान्ही पोरंसुद्धा झोपेत कूस बदलतात फक्त.
आणि त्या दणक्यातच,
हात वर न करता, हर्षाली:
‘वाटेकरी वाढले की वाटा बारीक होतो.
आम्ही तिघं होतो तर पेरूची फोड ही एवढी यायची.
मग धाकटा झाला.
त्याला तर बियापण चालत नाहीत.’

वर्ग हसला. मग हसायचा थांबला.
मागच्या बाकावर कुणीतरी
वहीचं पान चार वेळा दुमडून पाहत होतं.

गुरुवारी केंद्रप्रमुख आले.
मी पाचपर्यंत पोचले होते तेव्हा ते दारात.
वर्ग गप्प, बाई गप्प, खडू टेबलावर.
शेरेबुकात लिहून गेले:
‘भेटीच्या वेळी अध्यापन थांबलेले आढळले.’
मी खाली सही केली.
खोटं कुठे होतं?

रोज असं होत नाही, हेही सांगते.
कधी सात होतात, दहा होतात, बारा,
आणि पलीकडे नुसती खिडकी.
मग प्रश्नच परत घ्यायचा, फोडायचा,
सोपा करून पुन्हा ठेवायचा त्यांच्यापुढे.
कधी तेही जमत नाही, घंटा होते,
आणि शिक्षकखोलीत मी डबा न उघडता बसते.

दादू बेंडकोळी जूनपासून बोललेला नाही.
हजेरीलासुद्धा नुसती मान.
जानेवारीत, सकाळी, नळावर बाटली भरताना,
माझ्याकडे न बघता म्हणाला,
‘ते विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं,
विचारलं होतं तुम्ही.’
मला आठवेना.
‘पाणी तेच असतं बाई.
आपण गार झालेलो असतो.’

ऑगस्टात विचारलं असणार.
सातला सोडून दिलं असणार मी,
पुढचा धडा घेतला असणार.

बाटली भरून वाहत होती.
शाब्बास म्हणायला तोंड उघडलं
आणि मिटून घेतलं.
तो अजून उभा होता,
पाण्याच्या धारेखाली बोट धरून.