कितीपट

पिट्सबर्गमध्ये बर्फ पडला की
लोक आपापल्या दारासमोरची गाडीपुरती जागा फावड्याने मोकळी करतात
आणि तिथे स्वयंपाकघरातली एखादी खुर्ची ठेवून देतात.
खुर्ची म्हणजे: इथे गाडी आहे.
आत्ता नाही. पण आहे.
हा कायदा कुठे लिहिलेला नाही,
आणि मोडायची कुणाची छाती नाही.

रेनाटा ह्रुबेक खिडकीशी लॅपटॉप उघडून बसली आहे.
बसचालकांच्या पेन्शन फंडाला
उद्या नऊ वाजता सांगायचं आहे,
चालकावाचून चालणाऱ्या गाड्यांची कंपनी
केवढ्याची.

नफा अजून नाही.
तोटा आहे, घसघशीत आहे,
पण तोट्याला कितीनेही गुणा, समितीपुढे नेण्याजोगं काही निघत नाही.
म्हणून सहा वर्षं पुढे जायचं.
तिथे तिच्या तक्त्यात एका शेअरमागे
एक डॉलर चाळीस सेंट थंडीत उभे आहेत.
त्यांना गुणायचं,
मग वर्षाला बारा टक्के झिजवत
आजपर्यंत ओढत आणायचं.

कितीने गुणायचं, एवढाच प्रश्न.
गाड्यांचे सुटे भाग बनवणारे म्हणा: नऊ पट.
सहा डॉलर अडतीस.
सॉफ्टवेअरवाले म्हणा: चाळीस पट.
अठ्ठावीस डॉलर सदतीस.
कंपनी तीच, कॅमेरे तेच, कर्जही तेच,
दुकानातली फळी तेवढी बदलली.
बाजार आज सव्वीस म्हणतोय.
का, ते तो सांगत नाही.

बाप मागे येऊन उभा राहतो, हातात कॉफी.
श्टेफान. चोपन्न नंबरची बस, एकतीस वर्षं.
"नफा किती?"
"नाही अजून."
"मग कशाच्या पट?"
"येणाऱ्या नफ्याच्या."
माझ्या भाषेत यावर एक म्हण आहे,
तुरी अजून बाजारात आहेत आणि घरात मारामारी.
त्याच्याही भाषेत असावी.
तो ज्या तऱ्हेने नाकातून हसला, त्यावरून वाटलं.

तेवढ्यात चढावरून तीच येते,
डोक्यावर फिरता डबा, दारावर कंपनीचं नाव.
खुर्चीपाशी थांबते.
लाल रेक्झिन, एक पाय तारेने बांधलेला.
उजवा दिवा उघडझाप, उघडझाप.
खुर्ची आधी निघेल, मग आपण,
असा काहीतरी तिचा हिशोब.
आत ओटिस ब्रॅनम, हात मांडीवर, चाकापासून वीतभर.
दोन मिनिटं वाट पाहतो, बटण दाबतो,
स्वतः वळसा घालतो,
आणि खिडकीकडे बघून दोन बोटं उचलतो.
श्टेफानही उचलतो. चालकांची रीत.

ओटिस तक्त्यात सत्तेचाळिसाव्या ओळीत आहे.
यंदा आहे. पुढच्या वर्षी आहे. मग अर्धा.
सहाव्या वर्षी त्या घरात नुसती आडवी रेघ.
रेनाटा रेघ पुसते, त्याचा पगार भरते.
एक चाळीसचे उणे वीस होतात.
ती बराच वेळ बघत राहते.
मग मागे घेण्याची कळ दाबते.
ओटिस उतरतो.

खालची खुर्ची डेम्बेकबाईंची.
मुलगा ओहायोला गेला, हा चौथा हिवाळा.
त्यांच्याकडे गाडी नाही, कधीच नव्हती.
जागा श्टेफान मोकळी करतो, आपली झाली की त्यांची.
"येणार आहे का तो?" रेनाटाने एकदा विचारलं होतं.
"खुर्ची आहे ना," तो म्हणाला होता,
आणि बूट झटकत आत गेला होता.

रात्री दीड वाजता
ती रिकाम्या चौकोनात एकतीस टाकते.
बावीसला एक सेंट कमी.

सकाळी समितीतलं कुणीतरी विचारतं, "एकतीसच का?"
"समकक्ष कंपन्यांचा मध्यक," ती म्हणते,
आवाज न हलू देता.
समोर तिघे निवृत्त चालक.
एकजण चष्मा कपाळावर सरकवून
वहीत लिहितो: बावीस.
आणि जुन्या सवयीने
शेजारी वेळ घालतो, नऊ वाजून बारा.