बोटभर जागा

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार टाळून
मागच्या गल्लीतून गाडी आत घातली.
दोन दारांची, जपानी, सेकंडहँड,
पणजीच्या एका दंतवैद्याकडून घेतलेली,
जिच्याबद्दल डिचोलीत अजून एवढंच विचारतात :
घरचे काय म्हणाले?

फ्लोरियान मेस्तच्या दुकानात भिंतभर चाकं.
मला हवं होतं ते वरून तिसरं,
एकोणीस इंची, कांस्याच्या रंगाचं,
परातीसारखं खोल.
बोल्ट जुळत होते : पाच,
एकशे चौदा पॉइंट तीन.
चौदा वर्षं औषधांच्या दुकानात काढल्यावर
दशांशचिन्हापुढचा आकडा आपोआप पाठ होतो.

त्यानं चाक खाली काढलंच नाही.
"बोल्ट बसले म्हूण चाक बसलें न्हय, बाय,"
म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसला.

मडगार्डच्या काठावरून ओळंबा सोडला.
पोलादी पट्टी धरली, जिचे सातपर्यंतचे आकडे पुसलेत.
(सातच्या आतलं मला हाताला कळतं, म्हणे.)
ब्रेकच्या कॅलिपरपुढे लग्नपत्रिका सरकवून बघितली,
नातीच्या लग्नाची, गेल्या मे महिन्यातली.
पावाच्या पिशवीवर बॉलपेननं लिहिलं :
ऑफसेट पंधरा असेल तर चाक बाहेर येतं,
वळणावर मडगार्डची कड टायर सोलते.
पंचेचाळीस असेल तर आत घुसतं,
सस्पेन्शनच्या दांड्याला घासतं.
तीस.
तीसखाली दोनदा रेघ ओढली.

मी म्हटलं, पण दिसायला...
तो म्हणाला, दिसायला घेतेस तर
भिंतीवरच राहू दे, रोज येऊन बघ,
कॉफी देईन.

मला राग आला. अगदी खरा.
रागात मी बाहेर जाऊन एक ऑम्लेट-पाव खाल्ला
आणि परत आले.

मग त्यानं पोटमाळ्यावरून उतरवली ती अठराची,
राखाडी, साधे दहा आरे,
एकाला फुटपाथचा ओरखडा.
शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली :
साडेआठ किलो.
कांस्याचं ठेवलं : बारा आणि वर काहीतरी.
भंगारवाल्यानं मान हलवली,
कशाला, ते मला कळलं नाही.

मधलं भोक सात मिलिमीटर मोठं निघालं.
त्यासाठी ॲल्युमिनियमची कडी,
बांगडीपेक्षा पातळ.
ती नसेल तर नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरेल
आणि तू म्हणशील, मेस्तनं फसवलं.
कडी बसताना आवाज आला,
डबीचं झाकण लागल्यासारखा.

शेवटी मुलाची असावी अशी मातीची कांडी काढली,
हिरवी, शाळेत देतात ती.
मडगार्डच्या आतल्या बाजूला चिकटवली,
अंगठ्यानं दाबली.
"चोर्ल्याक वच. मागीर येवन दाखय."

गेले.
साखळीच्या गतिरोधकांवर जपून,
खाणीच्या ट्रकांमागे लाल धूळ गिळत,
मग घाटात, एकेका वळणावर
स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवत,
खिडकी उघडी, रेडिओ बंद,
कान मागच्या उजव्या चाकाकडे.
काजूच्या बागेतून कोणीतरी हात केला.
मी केला नाही. ऐकत होते.

परत येईतो दिवे लागले होते.
मेस्तनं टॉर्च धरला, हात आत घातला,
कांडी सोडवून माझ्या तळहातावर ठेवली.

बाजूला धुळीचा लाल थर.
मध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा,
एकूण एक रेघ जशीच्या तशी.

वरून तिसरं चाक अजून भिंतीवर आहे.
कॉफी मात्र त्यानं दिली नाही,
दूध संपलं होतं.