अठरा हजार पाचशे

बर्फाच्या फॅक्टरीत मी लाद्या मोजते,
मोजायची खोड तिथलीच.
तीन वर्षं रोजचे चाळीस रुपये
बिस्किटांच्या डब्यात. गणपतीत दोनदा हात घातला,
एकदा बाबांच्या दाढेसाठी,
तरी शेवटी सव्वीस हजार, वर काही नाणी.

पास्कल सर म्हणाले, सगळे रायफलवर उडवू नकोस.
रायफल एकदाच घेतात, छर्रे रोज लागतात.
वीस वर्षं ते बोटीवर तेलवाले होते;
अजूनही बोलता बोलता शर्टाला हात पुसतात,
हाताला काही लागलेलं नसताना.

कट्ट्याच्या वर, सड्यावर, सोडून दिलेली चिरेखाण
हे आमचं मैदान.
दगड काढून नेलेल्या खड्ड्याला भिंती आयत्याच सरळ.
पन्नास मीटर मी स्वतः टेप लावून मोजले,
शेवटाला वाळूची पोती, पोत्यांवर कागद,
कागदावरचं काळं वर्तुळ
इथून मिरीच्या दाण्याएवढं.

कोल्हापूरच्या दुकानदाराने आधी जर्मन रायफल दिली.
अक्रोडाचा दस्ता. खांद्याला लावली
आणि ती आपणहून शांत झाली,
माझ्याहून चांगली नेमबाज.
किंमत ऐकली, आणि झोपलेलं पोर
ज्याचं त्याच्या मांडीवर ठेवावं
तशी परत ठेवली.

दुसरी हवेच्या टाकीची. झटका नाही, नेम सुरेख.
पण टाकीला पंप, पंपाला वॉशर,
वॉशर मिळणार पुण्याला,
आणि आमच्याकडे दाराची कडी, सायकलची घंटा,
आईच्या शिवणयंत्राचं चाक,
कशालाच खारा वारा सोडत नाही.
आधी चाटतो, मग चावतो.

तिसरी कोपऱ्यात उभी होती. देशी,
स्प्रिंगची, नळी मोडून भरायची,
दस्ता सुताराने घाईत तासल्यासारखा.
तिच्याबद्दल दुकानदार काहीच बोलला नाही.
मी गाल टेकवला.
डोळा शोधावा लागला नाही,
काचेमागे होताच.

अठरा हजार पाचशे.
दुर्बीण जुनी, चार हजार, कडेला एक चरा.
उरलेल्यात तीन जातींचे छर्रे
(कुठला मानवतो ते तीच सांगणार),
तेलाची बाटली, एसटीचं तिकीट.
फोंडा घाटात ती मांडीवर आडवी.
कंडक्टरने विचारलं, पडद्याचा रॉड?
मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी दहाच्या दहा
खाली, डावीकडे, कागदाच्या कोऱ्या भागात.
माझं तोंड उतरलं. सरांनी भोकांवर रुपया ठेवला,
दहाही झाकली गेली.
म्हणाले, चिकटून आहेत ना? मग ती खरं बोलतेय,
तू चुकीचं विचारतेयस.
आणि दुर्बिणीचा स्क्रू फिरवायला
माझ्याच हातात पैसा दिला.

दुपारनंतर मात्र सगळं विस्कटलं.
समुद्र इथून दिसत नाही, पण वारा तिथलाच.
बाबा डबा घेऊन आले होते.
रायफल आणली त्या रात्री एवढंच बोलले होते,
"जाळ्याक काय रोग इलो?"
आता चिऱ्यावर बसले, कागदाकडे पाठ करून,
सड्यावरचं वाळकं गवत बघत.

मी श्वास सोडला, बोट चापावर.
"थांब गो. वारो फिरता हा."
मी थांबले. दुर्बिणीत काहीच बदललं नव्हतं.
गवत आधी लांबचं वाकलं, मग जवळचं,
मग उभं राहिलं.
"मार आता."

नऊच्या रिंगणात. आठ. पुन्हा नऊ.
दहा एकही नाही, उगाच कशाला सांगू.

रात्री त्यांनी न विचारता
होडीच्या इंजिनाचं फडकं काढलं,
तेलाचे चार थेंब,
आणि नळी पुसत बसले, टोकापासून मुळापर्यंत,
पुन्हा टोकापासून.
"ह्येचो पल्लो किती?"
पन्नास मीटर, मी म्हटलं.
"इतकोच?" हात थांबला नाही.
"आमची रापण धा पट लांब जाता."