तबकडी

सकाळी सव्वासहाला मी स्टीलची ताटली तळ्यात सोडते.
पाव भाग काळा, पाव पांढरा, पुन्हा काळा, पुन्हा पांढरा.
दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी.
ताटली जिथं दिसेनाशी होते
तिथली गाठ मोजायची, वहीत लिहायची.
बस, एवढंच काम.

नाशिकरोडच्या छापखान्यात एकतीस वर्षं
मी भिंगाखाली चुका शोधल्या:
सुटलेली रेघ, केसाएवढी पसरलेली शाई.
निवृत्त झाले तशी सोसायटीनं वही हातात दिली.
"ताई, तुमची नजर चांगली."

तळं म्हणजे काय, पाथर्डीच्या अलीकडली जुनी दगडखाण.
इथला काळा दगड शहरभर रस्त्यांखाली गेला,
खड्डा उरला, पावसानं भरला,
चारी बाजूंनी इमारती उठल्या
आणि जाहिरातीत त्याचं सरोवर झालं.
लहानू वॉचमन अजून खाणच म्हणतो.

पहिल्या वर्षी चार गाठी.
दुसऱ्या वर्षी अडीच.
तिसऱ्या वर्षी, आश्विनात,
पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं
आणि ताटली पहिली गाठ भिजायच्या आत गडप.
घट बसले त्याच्या दुसऱ्या पहाटे मासे वर आले,
आधी जिवंत, तोंडं उघडून हवेचे घास घेत,
उन्हं चढेस्तोवर पोटं आभाळाकडे.
लहानूनं तीन घमेली भरली.
चौथं मी धरलं.

मीटिंगमध्ये खैरनार म्हणाले, रंगीत कारंजं लावू.
दुसानेबाईंनी पाव टाकणाऱ्या पोरांची नावं वाचली.
कोणी म्हणालं, मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी निळंशार.
तेव्हा मागच्या खुर्चीवरून बोरस्ते आजोबा,
दिंडोरीला बाग होती त्यांची द्राक्षाची:
"मोरचूद आम्ही पानावर मारायचो.
इथं मारलेलं शेवाळ जाईल कुठं? तळाशी.
आणि कुजणारं जे असतं ना बाबांनो,
ते जित्यापेक्षा जास्त श्वास पितं."
सगळे गप्प.
कारंज्याचं कोटेशन तेवढं हातोहात फिरत राहिलं.

नववीतली मृण्मयी दुसऱ्या दिवशी दारात,
हातात हळदीच्या पुरचुंड्या.
"पाऊस संपून तीन आठवडे झाले, आजी.
पावसाचे पाइप कोरडेच हवेत.
साबण लागला तर हळद तांबडी होते."
तळ्यात उतरणाऱ्या प्रत्येक पाइपाच्या तोंडाशी
एकेक पुरचुंडी आम्ही बांधली.
गुरुवारी संध्याकाळी पाहिलं:
ए पिवळी, बी पिवळी, डी पिवळी.
सी, कुंकवासारखी.

सी म्हणजे आम्ही.
तिसरा मजला, ड्राय बाल्कनी, माझं वॉशिंग मशीन,
सोमवार आणि गुरुवार,
नळी पावसाच्या पाइपात खुपसलेली.
बिल्डरच्या माणसानंच खुपसली होती, हे खरं.
मी तीन वर्षं ती पाहिली, हेही.
विंगेतल्या अकरा घरांचं तसंच निघालं;
पण त्या अकरा घरांत वही एकीकडेच होती.

रात्री वही काढली.
मासे मेले त्या तारखेपुढे
"कारण" असा रकाना मी आखला होता, रिकामा.
त्यात लिहिलं: सी-३०२ व इतर.
मग "व इतर" खोडलं.
मग पुन्हा लिहिलं, कारण ते खोटं नव्हतं.

प्लंबर आला. चार घरांनी नळ्या बदलल्या,
सात घरं म्हणतात, बघू.
बांबूच्या तराफ्यावर कर्दळ लावली,
तिची मुळं पाण्यात लोंबतात,
आणि एक खंड्या त्या तराफ्यावर
मालकासारखा बसतो.
मशीन लावायच्या आधी मी नळीचं तोंड हातानं चाचपते,
दरवेळी.

आज दीड गाठ.
खैरनार चालता चालता थांबतात:
"तळ दिसेल का हो कधी?"
मी उत्तर देत नाही, मोजत असते.
ताटली उतरते, हळू,
आधी काळा भाग विरतो.
पांढरा अजून जरासा दिसतोय.
जरासा.