विशेष काही नाही

एकवीस वर्षं ह्यानं क्षितिज राखलं.
सिनाईच्या वाळूत, पत्र्याच्या मनोऱ्यावर,
दुसऱ्यांच्या दोन देशांमधली एक रेघ
दुर्बिणीतून बघत बसायचं
आणि दर तासाला वहीत लिहायचं:
विशेष काही नाही.

आता सिंगाटोकाच्या पुलाअलीकडे,
उसाचे ट्रक वळतात तिथं,
ह्याचं दुकान आहे. टायर, ट्यूब, हवा.
फौजेतून मिळालेली सगळी रक्कम
एका लाल कॉम्प्रेसरमध्ये मावली.
तो सुरू झाला की
शेजारच्या चर्चमधली प्रार्थना थांबते,
आणि बंद झाला की आमेन.

पहिल्या दिवशी पाचला उठून
पान्हे मापानं लावले, भिंतीला चुना,
बुटांना पॉलिश.
मी म्हटलं, इलिसोनी,
पंक्चरवाल्याचे बूट कोण बघतं?
म्हणाला, मी.

संध्याकाळी गल्ल्यात
मीच शकुनाला टाकलेलं नाणं तेवढं होतं.
वही उघडली. ठाशीव अक्षरात:
०६०० – पूर्वेकडून एक कुत्रा.
०९४० – दोन मुलं. सायकल नाही.
१५१० – भाऊ आला, बसला, यांगोना प्याला, गेला.
विशेष काही नाही.
मी हसले. मग मागच्या दारी
तवियोका सोलता सोलता
थोडी रडूनही घेतलं.

गिऱ्हाईक आलं ते ऊसतोडीत.
पण गिऱ्हाइकाआधी आले नातेवाईक.
केरेकेरे म्हणतात आमच्यात:
आपल्या माणसानं मागितलं की द्यायचं,
नाही म्हणणारा तो माणूसच नव्हे.
मामाचा ट्रक, मावसभावाची टॅक्सी,
मामाच्या गावच्या पाद्रीसाहेबांची व्हॅन.
रायफलीसमोर जो कधी हलला नाही
तो एका म्हाताऱ्या आत्येपुढे
कोरी ट्यूब दोन्ही हातांवर घेऊन उभा,
जणू तेच त्याचं पांढरं निशाण.
फौजेत नाही म्हणायला वरून हुकूम यायचा.
इथं वर फक्त पत्रा.

मग हुकूम मी झाले.
खोक्याच्या फळीवर रंगवून घेतलं:
उधारीसाठी मेरेवाईला विचारावं.
मी दुसऱ्या बेटावरून आलेली,
बदनामी मला परवडते.

गेल्या महिन्यात एक जुनी पांढरी जीप थांबली.
उतरणाऱ्याला ह्यानं पाठीवरूनच ओळखलं.
मेजर वाकाईवूना.
टाचा आपोआप जुळल्या,
उजवा हात कपाळाशी गेला,
हातात पान्हा होता.
दोघं त्या पान्ह्याकडे बघत राहिले.

मग ह्यानं चाक काढलं,
ट्यूब पाण्याच्या अर्ध्या पिंपात दाबली
आणि वाकला.
हे बघायला मला आवडतं.
श्वास धरून, पापणी न हलवता,
हळूहळू ट्यूब फिरवत.
जे एकवीस वर्षं आलंच नाही
त्याची वाट बघायची सवय
इथं कामी येते.
कुठून तरी एक बुडबुडा निघतो.
हं, म्हणतो. बोट ठेवतो.

किती झाले? मेजरनी पाकीट काढलं.
हा गप्प. माझ्याकडे बघितलं.
मी मुद्दाम आत गेले,
रिकामी कढई उगाच ढवळत उभी राहिले.
बाहेरून आधी खाकरणं,
मग आवाज:
आठ डॉलर, सर.
आणि बऱ्याच वेळानं,
रविवारी जेवायला या. त्याचे पैसे नाहीत.

रात्री वही बघितली.
११२० – पांढरी जीप. मागचं डावं. खिळा. आठ, रोख.
खाली सवयीनं लिहायला घेतलेलं
विशेष
आणि पुढे
काळ्या अंगठ्याचा ठसा.