नऊ भाग पाणी

एक भाग फॉर्मालिन, नऊ भाग पाणी.
सत्तावीस वर्षं हेच कालवतेय,
रास्ता पेठेत, तळमजल्यावर, मागच्या खोलीत,
जिथे पूर्वी कुणाचा तरी बाइंडिंगचा धंदा होता.

दौंडहून, सासवडहून, शिरूरहून
तपासायला येतात तुकडे:
कुणाचं पित्ताशय, कुणाच्या मानेवरची गाठ,
एकदा तर अख्खं गर्भाशय
कैरीच्या लोणच्याच्या बरणीत,
लेबलसुद्धा न काढता. झाकण सैल.
उघडलं की आधी डोळ्यांत तिखट,
मग पाणी,
मग काही नाही.

या 'काही नाही'ला
आमच्याकडे सवय म्हणतात.

उकिडवेबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
आठ दिवस रडशील, मग सवय होईल.
त्यांचा आवाज तेव्हाच घोगरा होता.
मला वाटलं, बाई बोलतातच तशा.

बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, तेल लावलं.
खोकला लागला. पुण्यात कुणाला नाही?
मेट्रोचं खोदकाम चालूच होतं.
निळा मास्क मिळाला, तो शिंकेपुरता;
वायूला तो म्हणजे चाळणीला कडी.
एक्झॉस्ट फॅन आहे, वर, छताजवळ.
पात्यांत पारव्यांनी संसार मांडलाय.
मोहोळकर साहेब म्हणतात, पिल्लं उडाली की चालू करू.
ही त्यांची चौथी पिढी.

कॅनवर कवटी आहे, आणि बारीक अक्षरात
नाक, घसा, कर्करोग.
ते आम्ही वाचत नाही,
आम्ही दिवसभर दुसऱ्यांचे वाचतो.

मागच्या चैत्रात घरी दूध करपलं.
पातेलं काळं, शेजारची शालन धावत आली,
आणि मी त्याच ओट्याशी उभी,
भेंडी चिरत.
ती दुपार घर हुंगत काढली:
हिंगाची डबी, सोनचाफा,
ह्यांचा न धुतलेला शर्ट.
सगळं पाणी. दहाच्या दहा भाग.

सोमवारी नवी मुलगी आली,
अल्फिया बागवान, कोंढव्याची.
दारातच थांबली, ओढणी नाकाशी.
"मॅडम, काही सांडलंय का?"

मी खोली बघितली. काही नाही.
तोंड उघडलं,
तर उकिडवेबाईंचं वाक्य जिभेवर तयार,
सत्तावीस वर्षांत
जराही न सडलेलं.

ते गिळलं.
म्हटलं, कुठून येतंय, दाखव.
ती पुढे, मी मागे.
सिंकच्या खाली, दुसऱ्या खणात,
बूच तडकलेला कॅन, कडेला पांढरी साय,
फरशी ओली.
त्याच खणात माझा जेवणाचा डबा.

रंगानं चिकटलेली खिडकी
आम्ही स्कॅल्पेलनं सोडवली.
मग अर्ज: वाफ ओढणारं हुड,
चष्मे, जाड हातमोजे,
हवेत किती आहे ते मोजायचं यंत्र.
"यंत्र येईपर्यंत?" तिनं विचारलं.
"तोवर तुझं नाक आहे की,"
बोलून गेले, आणि
लाज वाटली. तिचे डोळे तांबडेलाल होते.

तोवर कुलूप.
आत एकेचाळीस बरण्या,
फोनवर साहेबांचे तीन मिस्ड कॉल,
आणि आम्ही दोघी बाहेर पायरीवर.
पलीकडच्या टपरीवर आलं ठेचत होते,
असं ती म्हणाली.