पाकीट क्रमांक एकतीस

तार्तूच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम फोन करायचं आणि कोन मोजायचा.
हाड जोडणारे वेगळे.
जोडलेलं हाड वर्षभरानं कुठवर वाकू देतं
ते मी लिहून ठेवते.

मांडीचं हाड गुडघ्याच्या वर चार बोटं मोडतं.
तिथं ते रुंद होत जातं, आणि म्हातारपणी
शिळ्या पावासारखं भुसभुशीत.
स्क्रू फिरवावा तर फिरतच राहतो.

ऊर्मास म्हणतो, पट्टी.
बाहेरच्या अंगानं, हाडाच्या वळणाला वळण देऊन,
प्रत्येक स्क्रू पट्टीच्याच आट्यात अडकवलेला.
सुताराचा मुलगा तो. बिजागरी कशी बसते
हे त्याच्या बोटांना शाळेआधी कळलं होतं.
क्युल्ली म्हणते, सळई.
गुडघ्यातून एक लहानसं भोक, मग मज्जेच्या पोकळीतून वर,
आतल्या आत उभा केलेला टेकू.
दोघं एकाच टेबलावर बीटाचं सूप पितात
आणि तीन वर्षं एकमेकांना पटवतायत.

म्हणून पाकिटं आली.
राखाडी, बंद, आत एकच शब्द.
भूल द्यायच्या आधी नर्स ते फाडते,
आणि त्या दिवशी ऊर्माससुद्धा सळई घालतो,
क्युल्लीसुद्धा पट्टी बसवते,
तोंड वाकडं न करता.

एकतीस: लेइदा, अठ्ठ्याहत्तर, सळई.
बत्तीस: वाइके, एक्क्याऐंशी, पट्टी.
एकाच आठवड्यातला बर्फ, एकाच खोलीतल्या दोन खाटा.
"तुझं कुठं दुखतं?"
"बाजूला. कुशीवर वळले की. तुझं?"
"पुढं, वाटीखाली. कुणी दार वाजवावं तसं."
आमच्याआधीच त्यांनी तुलना उरकून टाकली.

सहाव्या महिन्यात वाइकेच्या एक्स-रेमध्ये
मोडीभोवती काहीच नव्हतं. स्वच्छ काळी रेघ.
ऊर्मास पडद्यासमोर बराच वेळ उभा.
"फार घट्ट धरलं मी," म्हणाला.
हाडाला जरासं हलू द्यावं लागतं, केसाएवढं,
तेव्हा कुठं त्याला वाटतं
आपणही काही करायला हवं.
दोन स्क्रू काढले. तीन महिन्यांनी
रेघेच्या कडेला धूसर काहीतरी साकळलं.

लेइदाचं लवकर जुळलं, पण किंचित तिरकं.
एक्स-रेच्या आधी
ते तिच्या डाव्या बुटाच्या टाचेला कळलं.

सतरा नंबरचा फोन मुलीनं उचलला.
"बाबा मार्चमध्ये गेले. न्यूमोनिया.
पाय बरा होता हो, पाय अगदी बरा होता."
एल्मार, पट्टी, शेवटचा कोन एकशे दहा.
मी लिहिलं: पाठपुरावा अपूर्ण.
फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं,
राखेत ती पट्टी सापडली, स्क्रूंसकट,
तुमची असते का ती? परत करायची असते?
मला माहीत नव्हतं. ऊर्मासला विचारलं.
तो सूप ढवळत राहिला.

आकडे आले शेवटी:
फरक आहे, पण म्हणावा इतका नाही.
ऊर्मासनं वाचलं, पट्टी हरली नाही.
क्युल्लीनं वाचलं, सळई हरली नाही.

लेइदाला मी ऑक्टोबरात फोन केला.
ती दलदलीतून लाल बोरं वेचून आली होती.
गुडघे टेकवत नाहीत, म्हणाली,
बादली उपडी घालून तिच्यावर बसते,
आणि बोरं संपली की बादलीसकट पुढं सरकते.
मी छापील प्रश्न वाचला:
आधाराशिवाय जिना चढता येतो का?
"जिना? माझं घर बैठं आहे, पोरी."
मग थोडं थांबून,
"सौनाच्या तीन पायऱ्या धरायच्या का?
त्याच, जिथून मी पडले?"

चढता का त्या, मी विचारलं.
"शनिवारी. हातात पाण्याची बादली असते."

मी 'हो' वर खूण केली.